फुफ्फुसातून हवा गळायची थांबत नाहीये? उपचार ठरवताना या चुका टाळा

छातीत साठलेली हवा काढायला नळी टाकून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलंय, त्याला आठवडा होत आला, एक्स-रेत फुफ्फुस बऱ्यापैकी वर आलंय, पण बाटलीतले बुडबुडे काही थांबत नाहीत आणि घरचे पार हवालदिल झालेत. न्यूमोथोरॅक्सच्या, म्हणजे फुफ्फुसातली हवा गळून छातीत साठलेल्या, पेशंटचे नातेवाईक या टप्प्यावर हमखास विचारतात, "डॉक्टर, यातली सगळ्यात भारी ट्रीटमेंट कुठली?" गडबड इथूनच सुरू होते. २२ वर्षांचा उंच, किडकिडीत पोरगा, आधी कसलाच आजार नाही, त्याला जे लागू पडतं ते ६५ वर्षांच्या सीओपीडीवाल्या (फुफ्फुसाचा जुनाट, दम लागणारा आजार) आजोबांना चालेलच असं नाही, आणि टीबी असेल तर हिशोबच वेगळा. त्यामुळे शेजारच्या बेडवरच्याचे बुडबुडे दोन दिवसांत बंद झाले मग आमच्याचे का नाहीत, ही तुलना खरंच करू नका, त्याचं फुफ्फुस वेगळं आणि तुमच्या माणसाचं वेगळं.

हवा नक्की कुठून येतेय हेच न बघणं

कुठलाही मोठा उपचार ठरवायच्या आधी हे बघायलाच हवं. कधी कधी फुफ्फुस भरून आलेलं असतं आणि हवा नळीच्या सैल जॉइंटमधून आत शिरत असते, किंवा नळी थोडी बाहेर सरकून तिच्या बाजूचं एखादं भोक कातडीच्या बाहेर आलेलं असतं. डॉक्टर किंवा सिस्टर छातीजवळ नळी क्षणभर चिमटून बघतात. तरीही बुडबुडे चालूच राहिले तर गळती चिमट्याच्या पुढे, नळीत किंवा बाटलीत आहे, थांबले तर हवा छातीकडून येतेय. ही टेस्ट त्यांनीच करायची, घरच्यांनी नाही. घरच्यांनी नीट बघून सांगावं की बुडबुडे फक्त खोकल्यावर येतात, बोलताना येतात की नुसता श्वास घेतानाही सारखे येतात, कारण यावरून गळती किती मोठी आहे याचा अंदाज येतो. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतंय का तेही बघा. बुडबुडेही नाहीत आणि पाणीही हलत नाही म्हणजे बरं झालं असं धरून चालू नका, नळी ब्लॉक झालेली असू शकते, एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

बुडबुडे येत असताना नळी बंद करणं

एक्स-रेला न्यायचंय, बाथरूमला जायचंय, कुणीतरी चांगल्या मनाने म्हणतं की तेवढ्यापुरता क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) लावू, आणि बाटली उचलून बेडवर ठेवतं. असं अजिबात करू नका. आतून हवा गळतेय आणि बाहेर पडायला वाट नाही, की ती छातीत साठते, फुफ्फुस आणि हृदय दोन्ही दाबलं जातं, आणि पेशंट काही मिनिटांत सिरियस होऊ शकतो. बाटली कायम छातीच्या खाली आणि उभीच हवी, नेणारे मामा असोत की घरचं कुणी, प्रत्येकाला हे आधीच सांगून ठेवा. आणि नळी आहे म्हणून माणसाला बेडला खिळवूनही ठेवू नका, बाटली हातात धरून चालायला लावा, वेदनेचं औषध वेळेवर द्या म्हणजे तो खोल श्वास घेईल आणि नीट खोकेल. नाहीतर कफ साठतो आणि फुफ्फुस पूर्ण उघडतच नाही.

सक्शन म्हणजे जादू समजणं

सक्शन, म्हणजे बाटलीला मशीन जोडून हवा ओढणं, लावलं की लवकर बरं होतं हा गैरसमज फार आहे. ते सरसकट लावत नाहीत, आणि लावलं तरी ओढ साधारण उणे १० ते २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबाइतकीच ठेवतात. फुफ्फुस बरेच दिवस खाली बसलेलं असेल आणि एकदम जोरात ओढलं तर त्यात पाणी भरू शकतं, शिवाय काही पेशंटमध्ये जोराच्या सक्शनने भोक उघडंच राहतं, खपली सारखी काढत राहिलं तर जखम भरेल का!

नुसतं थांबत राहणं, किंवा उगाच घाई

साधारण ३ ते ५ दिवसांत गळती थांबली नाही तर छातीच्या सर्जनचं मत घ्यायचं, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मत घ्यायचं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. सीओपीडीवाल्यांची गळती जास्त दिवस चालते आणि बऱ्याचदा आपोआप थांबतेही, पण नळी जितके दिवस आत तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो आणि पेशंट अंगाने उतरत जातो, म्हणून दोन आठवडे "बघू" म्हणत काढणं बरोबर नाही.

आता उपचारांबद्दल. तरुण, बाकी धडधाकट पेशंट असेल तर माझं मत दुर्बिणीच्या ऑपरेशनकडे झुकतं. त्यात फुफ्फुसावरचा फुटलेला हवेचा फुगा स्टेपलरने कापून काढतात आणि फुफ्फुस छातीच्या आतल्या पडद्याला चिकटावं म्हणून पडदा खरवडतात. त्यानंतर परत होण्याचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या आत असतं, छाती उघडून केलं तर १ टक्क्याच्या आसपास, आणि काहीच केलं नाही तर पहिल्यांदा झालेल्यांपैकी जवळजवळ तीनातल्या एकाला परत होतं. फक्त भूल देताना काही वेळ एकाच फुफ्फुसावर श्वास चालवावा लागतो, आणि खराब फुफ्फुसाच्या म्हाताऱ्या माणसाला तेच झेपत नाही.

अशांसाठी स्वतःचंच रक्त हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे, १९८७ पासून याबद्दल लिहिलं गेलंय. हाताच्या शिरेतून रक्त काढून, गोठायच्या आत, लगेच नळीतून छातीत सोडतात, वजनाच्या किलोमागे १ ते २ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते १२० मिली. इथे चूक होते ती नंतर, रक्त परत येऊ नये म्हणून नळी क्लॅम्प केली जाते. क्लॅम्प करायची नाही, मधली नळी सलाईनच्या स्टँडवरून उंच टांगायची, बाटली मात्र खालीच, म्हणजे रक्त आत राहतं आणि हवा बाहेर पडत राहते. नळी बारीक असेल तर गुठळीने बंद पडू शकते, त्यामुळे पुढचे काही तास पेशंटवर बारीक लक्ष हवं, ताप आला तर लगेच सांगायचं. एकदा थांबलं नाही तर परत देता येतं.

टाल्क पावडर किंवा बिटाडीन टाकून चिकटवणं वेगळं. फुफ्फुस छातीला टेकलेलंच नसेल तर ते चिकटणार कुठे? अर्धवट उघडलेल्या फुफ्फुसात औषध टाकून फक्त दुखणं आणि ताप वाट्याला येतो. दुखतंही बरंच, आधी पेनकिलर दिलंय ना ते विचारा.

वॉल्व्हची क्रेझ वाढतेय. दुर्बिणीतून श्वासनलिकेत बलून फुगवून गळणारा भाग शोधतात, तिथे एकतर्फी वॉल्व्ह बसवतात आणि साधारण ६ आठवड्यांनी काढतात. कापाकापी नाही म्हणून भारी वाटतं, पण खर्च बराच, मोजक्याच ठिकाणी होतं, आणि फुफ्फुसाच्या शेजारच्या भागातून आडवाटेने हवा येत असेल तर उपयोग होत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठला उपचार बसतो ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

टीबी असेल तर गोळ्या एक दिवसही चुकवू नका, औषधाने आतली जखम भरत आली की गळती कमी होते, ऑपरेशनची घाई शक्यतो नको. बाईला वारंवार होत असेल, तेही पाळीच्या आसपास, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा, त्याचं कारण आणि उपचार वेगळे असतात.

काहींना नळीला छोटा एकतर्फी वॉल्व्ह लावून घरी सोडतात. सोय चांगली आहे, पण तो उलटा जोडला गेला तर हवा आत अडकते, त्यामुळे बाणाची दिशा सिस्टरकडून समजून घ्या आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दम वाढला, ओठ निळे पडले, किंवा मान-गळा सुजून दाबल्यावर बोटाखाली चुरचुर वाजायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीला जा.

सिगरेट, बिडी, व्हेप, सगळं बंद, इथे मी कुणाचंच ऐकत नाही. विमानप्रवास एक्स-रे पूर्ण क्लिअर आल्यानंतर किमान ७ दिवसांनी, तोही डॉक्टरांना विचारून. आणि तारकर्लीला स्कूबाचा प्लॅन असेल तर तो रद्द करा, दोन्ही बाजूंचं ऑपरेशन होऊन सीटी आणि श्वासाची तपासणी नॉर्मल आल्याशिवाय पाण्याखाली उतरायचं नाही, पोरगं कितीही ठणठणीत दिसत असलं तरी.