सोल्डरिंग करताना भाजू नये म्हणून काय करावं

सोल्डर (सहज वितळणारा मिश्रधातू) वितळवून प्रत्यक्ष सांधा लावताना सहसा कोणी भाजत नाही. तेव्हा डोळे सोल्डरिंग आयर्नच्या टिपवर, म्हणजे त्या हत्याराच्या तापलेल्या टोकावर, खिळलेले असतात, श्वासही रोखलेला असतो. चटका बसतो तो आयर्न न बघता उचलताना, घाईत परत ठेवताना, वायरीला हिसका बसल्यावर. म्हणून निम्मी काळजी आयर्न तापण्याआधीच घ्यायची.

१. आधी टेबल लावा

स्टँड जड हवा आणि तो आयर्न धरायच्या हाताच्या बाजूलाच हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवला, तर तापलेली टिप प्रत्येक फेरीला डाव्या हातावरून जाणार. 'आत्ता दोन मिनिटांचंच काम आहे' म्हणून आयर्न पकडीच्या किंवा डबीच्या कडेवर टेकवून ठेवणं सोडा. तो घरंगळतोच.

वायर टेबलाच्या मागच्या बाजूने आणा. पुढून लोंबकळली की गुडघ्यात अडकते आणि आयर्न थेट मांडीवर येतो. टिप ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला असते. स्वतःच्याच वायरीला ती टेकली तर वरचं प्लास्टिक वितळून आतली तार उघडी पडते. थेट घरातल्या सॉकेटच्या विजेवर चालणाऱ्या आयर्नमध्ये त्या तारेत पूर्ण व्होल्टेज असतं. वायरीवर वितळल्याचा डाग दिसला तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, वायर बदला. प्लगला अर्थची पिन असेल तर तीही जोडलेलीच राहू द्या.

सर्किट बोर्ड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेऊ शकतं. बाटली झाकण लावून दूर ठेवा, पुसायचं काम आयर्न बंद केल्यावर करा.

२. चष्मा लावा

हे बहुतेक जण टाळतात, मीही टाळायचो. एकदा रेझिस्टरचा (बोर्डवरच्या एका सुट्या भागाचा) सांध्याबाहेर उरलेला पाय, म्हणजे तारेचा तुकडा, कटरने तोडला आणि तो टक्कन उडून नंबरच्या चष्म्याच्या काचेवर आपटला. बारीकसा ओरखडा अजून आहे. चष्मा नसता तर तो कुठे उमटला असता ते सांगायला नको. आता मी पाय तोडताना त्याचं टोक दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून धरतो. सांधा सोडवतानाही सावध राहा. वाकवलेला पाय सोल्डर वितळताच स्प्रिंगसारखा सुटतो आणि वितळलेला थेंब तोंडाकडे उडवतो.

कपडे सुती घाला. सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. पायात बंद बूट हवेत, केस लांब असतील तर बांधा.

३. बोर्डमध्ये वीज उरली नाही ना, ते तपासा

प्लग काढला म्हणजे बोर्ड मेला असं नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कॅपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतो. मल्टीमीटरने मोजा. व्होल्टेज असेल तर योग्य रेटिंगच्या रेझिस्टरमधून उतरवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे 'अनुभवी' भेटतील, त्यांचं ऐकू नका. हे जमत नसेल तर पॉवर सप्लाय उघडूच नका.

बॅटरी असेल तर काढून ठेवा. लिथियम सेलच्या टोकांवर थेट सोल्डर लावू नका. उष्णतेने आतला पडदा खराब होऊन सेल पेटू शकतो.

४. धूर तोंडावर घेऊ नका

सांधा लावताना निघणारा पांढरा धूर सोल्डरमधल्या शिशाचा नसतो. शिसं उकळायला १७०० अंशांहून जास्त तापमान लागतं. धूर होतो तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट चिकटावा म्हणून त्यात घातलेल्या पदार्थातल्या) राळेचा, आणि रोज छातीत गेला तर त्याने दमा जडू शकतो. लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचा, सोल्डर घेतला म्हणून सुटका नाही, फ्लक्स त्यातही असतोच. पंखा असा ठेवा की तो धूर तुमच्यापासून दूर ओढेल. आणि बोर्डवर नाक टेकवून बसू नका. बारीक दिसत नसेल तर भिंग घ्या.

५. आयर्न पडला तर पडू द्या

पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो आणि हातात येतो तो नेमका तापलेला भाग. त्यामुळे आयर्न थंड असताना टेबलाच्या कडेवरून पेन पाडा आणि हात मागे घ्यायचा सराव करा. वेडेपणा वाटेल, पण सवय लागते. टिप तुटली तर नवी बसवता येते.

६. भाजलंच तर

भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली धरा, पूर्ण २० मिनिटं. पाच मिनिटांत बरं वाटतं, तरी हात काढू नका. बोटात अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, फोड फोडू नका. डोळ्याला इजा झाली, चेहरा भाजला किंवा फोड मोठा आला तर डॉक्टरकडे जा.

७. उठताना

शिसं पोटात जातं ते हातांवाटे. म्हणून टेबलावर चहाचा कप नको, सोल्डरची तार दातात धरायची नाही, आणि काम संपलं की हात साबणाने धुवायचे. टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडूने किंवा फुंकर मारून नको.

बंद केलेला आयर्न आणि तापलेला आयर्न दिसायला सारखाच. प्लग काढून तो स्टँडमध्येच राहू द्या आणि हात धुवून, सामान आवरून झाल्यावर शेवटी वायर गुंडाळा. गुंडाळण्याआधी ओल्या स्पंजला टिप टेकवून बघा. चर्र झालं तर अजून थांबा.