तिरंगा काढताना अशोकचक्र चुकू नये म्हणून

शाळेच्या फलकावर असो की चित्रकलेच्या वहीत, तिरंगा काढताना घोळ होतो तो चक्रात. कुठे आरे सोळाच भरतात, कुठे चक्र पांढरा पट्टा ओलांडून केशरीत शिरतं, तर कुठे ते काळ्या रंगात उमटतं. ध्वजाचं प्रत्येक माप आणि रंग ठरलेला आहे आणि त्यामागे कारणही आहे. ते माहीत असलं की हात आपोआप नेमका चालतो.

संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी ध्वजाचा ठराव मंजूर केला. त्याआधी, 1931 मध्ये काँग्रेसने स्वीकारलेल्या ध्वजावर चरखा होता. पण चरखा एका बाजूने सरळ दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. ध्वज मात्र दोन्हीकडून सारखाच दिसायला हवा, म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावरचं चक्र घेतलं. ठरावात हे चक्र चरख्याचंच प्रतीक मानलं आहे, म्हणजे चरखा गेला नाही, त्याचं रूप बदललं. 24 आऱ्यांचे 24 गुण किंवा दिवसाचे 24 तास असे अर्थ सर्रास सांगितले जातात, पण ठरावात त्यांचा मागमूस नाही. मुलांना शिकवताना ही पुढची भर आहे, एवढं जरूर सांगावं.

आता कृती. ए-फोर कागदावर 225 × 150 मिमी हे ध्वजसंहितेतलं प्रमाणित माप नेमकं बसतं. लांबी आणि उंचीचं प्रमाण नेहमी 3:2. आयत आखून 50 मिमीचे तीन आडवे पट्टे पाडा. मधल्या पट्ट्याचे कर्ण जिथे छेदतात तो मध्यबिंदू. कागदाखाली जाड पुठ्ठा ठेवा, नाहीतर कर्कटकाचं टोक घसरतं.

या मापासाठी चक्राचा व्यास 40 मिमी. तो पट्ट्याइतका, म्हणजे 50 मिमी घेणं ही नेहमीची चूक आहे. ठरावात व्यास पट्ट्याच्या उंचीच्या ‘जवळपास’ असावा असं म्हटलं आहे; प्रमाणित मापांत चक्र वरच्या-खालच्या रंगांना कधीच टेकत नाही. 900 × 600 मिमीच्या ध्वजावर पट्टा 200 चा आणि चक्र 185 चं असतं.

आरे कोनमापकाने एकामागोमाग 15 अंश मोजत काढू नका. प्रत्येक वेळची चूक पुढे साठत जाते आणि शेवटचा आरा पहिल्याला येऊन भिडतो. त्याऐवजी त्याच मध्यावर 60 मिमी त्रिज्येचं फिकट वर्तुळ काढा. (चक्राच्या 20 मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर अर्धा मिमी चुकला तर जवळजवळ दीड अंश फरक पडतो, 60 वर तो अर्ध्या अंशापुरता राहतो.) कर्कटक 60 वरच ठेवून माथ्यापासून सुरुवात करत परिघावर सहा खुणा करा. मग अगदी डावीकडच्या बिंदूपासून तशाच सहा. झाल्या बारा. आता शेजारशेजारचे फक्त दोन कंस दुभागा आणि त्या दोन नव्या बिंदूंपासून पुन्हा सहा-सहा खुणा करा. चोवीस पूर्ण! समोरासमोरच्या खुणा मध्यातून जोडा आणि रेषा चक्रापुरत्या ठेवून बाकीचं पुसून टाका.

चक्राच्या कड्याची आतली त्रिज्या साधारण 17.5 मिमी आणि तुंब्याची (आरे जिथून निघतात त्या मधल्या गोलाची) 3.5 मिमी ठेवा. आरा म्हणजे नुसती रेषा नव्हे. तो तुंब्यापासून किंचित फुगतो आणि कड्याजवळ निमुळता होतो. दोन आऱ्यांच्या मधोमध कड्याला चिकटलेला छोटा ठिपका असतो. तो बहुतेकांकडून राहून जातो.

आधी केशरी आणि हिरवा भरा, ते पूर्ण वाळले की मग चक्र. त्याचा रंग गडद निळाच हवा. ओल्या रंगाशेजारी शाई फुटते आणि बारीक आरे एकमेकांत मिसळतात.

मागची बाजूही काढायची असेल तर कागद पुस्तकाच्या पानासारखा आडवा उलटा. वरून खाली उलटला तर केशरी तळाशी जाईल. कर्कटकाच्या टोकाचं भोक हाच मागचा मध्य. पुढे ते तुंब्याच्या शाईखाली झाकलं जातं.

भिंतीवर आडवा लावताना केशरी वर. उभा लावला तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. ध्वजावर नाव, इयत्ता, शुभेच्छा काहीही लिहायचं नाही. नाव मागच्या पुठ्ठ्यावर टाका.