कागदावरची रेघ, स्क्रीनवरचा रंग: केळीचं चित्र कसं करावं

चित्रकलेच्या प्रकल्पात एक चित्र हाताने आणि दुसरं डिजिटल असं करण्यापेक्षा एकच चित्र कागदावरून स्क्रीनवर न्या. कागद कुठे सरस ठरतो आणि स्क्रीन कुठे, हे त्या प्रवासातच कळतं. विषय दारातला असावा. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या विद्यार्थ्याला केळीबाग शोधत जावं लागत नाही, म्हणून इथे नमुना केळीचाच घेतला आहे.

आधी बाग बघा

निसवलेलं, म्हणजे घड बाहेर पडलेलं झाड निवडा. त्यात घड, त्यातल्या केळ्यांच्या फण्या आणि खाली लोंबणारं केळफूल एकत्र मिळतं. पानाच्या मधल्या दांड्यावर पन्हळीसारखी खाच असते. तिथून निघालेल्या शिरा एकमेकींना समांतर राहून कडेपर्यंत जातात. वारा पान फाडतो तेही याच शिरांच्या ओळीने. म्हणून फाटे वेडेवाकडे काढले, किंवा आंब्याच्या पानासारखं शिरांचं जाळं काढलं, की पान खोटं दिसतं. घडाचीही एक हमखास चूक होते. घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वर वळलेली असतात. घाईत ती खाली तोंड करून काढली जातात. बागेत तासभर बसून चार-पाच झटपट स्केचेस करा. फोटो काढा, पण चित्र फोटोवरून गिरवू नका.

रेघ एका कागदावर, रंग दुसऱ्यावर

रेघेसाठी गुळगुळीत ए४ कागद घ्या. खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. २एच पेन्सिलने हलकं रेखाटन करून बाहेरची रेघ ०.८, घड ०.३ आणि शिरा ०.१ मिमीच्या पेनने काढा. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या झाल्या तर चित्र सपाट पडतं. खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावरच फिरवा, नाहीतर काळा फराटा उमटतो आणि तो स्कॅनमध्येही येतो.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद चारही बाजूंनी टेपने फळीवर चिकटवा. त्यावर पानं काढायची नाहीत. फक्त रंगाचे तळहाताएवढे पट्टे द्यायचे, ते पुढे स्क्रीनवर रेघेच्या चित्रात वापरायचे आहेत: कोवळा हिरवा, गडद हिरवा आणि वाळलेल्या पानाचा तपकिरी. तयार हिरवा थेट ट्यूबमधून लावू नका. लेमन यलोमध्ये थोडा थोडा अल्ट्रामरीन मिसळत गेलात तर छटा जिवंत येतात.

खान्देशात मे महिन्यात हे काम सकाळी लवकर उरका. दुपारच्या उन्हात पट्टा पुरा होण्याआधीच कडा वाळते आणि मध्ये कडक डाग पडतो. पंखा बंद ठेवा आणि कागद आधी ओल्या ब्रशने भिजवून घ्या. पावसाळ्यात उलटी अडचण असते, कागद लवकर वाळत नाही. हाताची मागची बाजू टेकवून बघा. कागद गार लागला तर तो आतून अजून ओलाच आहे.

स्कॅन

रेघेचा कागद ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-राखाडी छटांत, रंगाचा ३०० वर कलरमध्ये स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर कागद सावलीत सपाट ठेवा आणि फोन त्याला अगदी समांतर धरून फोटो घ्या. फोन फार जवळ नेला तर कागदाच्या कडा वाकलेल्या दिसतात. थोडं मागे सरका. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवली तर ती दाबली जाऊन रेघ धूसर होते.

स्क्रीनवर

चित्र काढण्यासाठी संगणकावर मोफत मिळणारं क्रिता आणि मोबाइलवर आयबिसपेंट हे ॲप पुरेसं आहे. ३०० डीपीआयचा ए४ कॅनव्हास २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो. रेघेच्या स्कॅनमध्ये लेव्हल्स (काळा-पांढरा कमी-जास्त करण्याची सोय) वापरून कागदाचा राखाडीपणा घालवा, पण बेतानेच. पांढरं टोक जास्त ओढलं की सर्वात आधी ०.१ च्या शिरा नाहीशा होतात.

रेघेचा लेयर (चित्राचा थर) सगळ्यात वर, ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीवर ठेवा, पांढरा भाग दिसेनासा होऊन फक्त काळी रेघ उरते. तिच्या खालच्या लेयरवर सपाट रंग भरा. बकेटचा (बंद जागा एका क्लिकने भरणाऱ्या साधनाचा) रंग रेघेपर्यंत न पोचता पांढरी किनार राहते, कारण रेघेच्या कडेचे पिक्सेल राखाडी असतात. रंगाचं क्षेत्र १-२ पिक्सेलने वाढवलं की किनार जाते. फाटलेल्या पानाची कडा कुठे उघडी असेल तर रंग तिथून सगळीकडे पसरतो. तेवढी फट आधी रेघेनेच बंद करा. मग जलरंगाचा स्कॅन केलेला पट्टा या रंगावर क्लिप करून (म्हणजे तो रंग भरलेल्या भागापुरताच दिसेल) तोही ‘मल्टिप्लाय’वर ठेवा. त्यामुळे रंग गडद होतात, म्हणून खालचा सपाट हिरवा मुद्दाम फिका ठेवावा.

नोंदवही

प्रत्येक टप्प्यानंतर तीन ओळी लिहा: काय ठरवलं होतं, काय झालं, काय बदललं. ‘छान जमलं’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘लेव्हल्स जास्त ओढल्या, शिरा गेल्या, मूळ स्कॅन पुन्हा घेतला’ ही नोंद पुढच्या चित्राला उपयोगी पडते. त्यासाठी मूळ स्कॅन कधीही पुसू नका आणि रोजची फाइल नव्या क्रमांकाने साठवा.

छपाई

चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (छपाईनंतर कापली जाणारी जादा कड) सोडा, म्हणजे ए४ साठी फाइल २१६ × ३०३ मिमीची होईल. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी सीएमवायके (निळा, किरमिजी, पिवळा, काळा या चार शाईंच्या) छपाईत मळका उतरतो. म्हणून आधी एकच प्रत काढून घ्या, दिवसाच्या उजेडात ती केळीच्या खऱ्या पानाशेजारी धरा आणि फरक दिसेल तो हिरवा बदलून मगच बाकीच्या प्रती छापायला द्या.