ख्रिस्ती कथा-कादंबरी लिहिताय? मग या चुका टाळा

ख्रिस्ती लेखकांची हस्तलिखितं माझ्याकडे बरीच वर्षं वाचायला येतायत आणि त्याच त्या चुका बघून आता जीव थकलाय, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोष्टीत प्रवचन घालणं. पास्टरची एंट्री झाली की सलग पाच पानं तेच बोलतात आणि समोरचा फक्त "पण मग देव असं का होऊ देतो?" एवढं विचारतो, तेही पास्टरना पुढचं बोलता यावं म्हणून. याला संवाद म्हणत नाहीत. उपदेश ऐकायला लोक दर रविवारी मंडळीत बसतातच की.

आणि याच्याच जोडीला येतो तो शेवट, तारण झालं की सगळे प्रॉब्लेम एका झटक्यात खलास. एका तरुण लेखकाची कादंबरी आली होती, नायिका नर्स, नवरा दारुडा, आणि अर्ध्याहून जास्त पुस्तक इतकं खरं की हातातून खाली ठेववेना. मग नवरा एका प्रार्थनासभेत रडतो, गुडघे टेकतो आणि पुढच्या चार पानांत दारू सुटते, नोकरी परत मिळते, सासूसुद्धा सुधारते. मी त्याला समोर बसवलं आणि एकच विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? त्याला प्रश्नच कळेना. अरे बाबा, वर्षानुवर्षं पिणाऱ्याने दारू अचानक तोडली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कधीकधी फिट येते, आणि त्याची बायको तर नर्स आहे, तिला हे माहीत नसेल? तर तो म्हणाला, "पण मॅडम, देवाने मोकळं केल्यावर परत त्रास दाखवला तर देवाचं सामर्थ्य कमी नाही का वाटणार?" ही भीतीच अशा पुस्तकांचा घात करते. खूप वाद झाला, पण शेवटी त्याने तो भाग नव्याने लिहिला. आता नवऱ्याला पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागतो, प्रार्थना म्हणताना दात वाजतात, बायको त्याला डॉक्टरकडे घेऊन जाते, आणि रात्री तो झोपल्यावर कपाटामागे हात घालून बाटली आहे का बघते, नसते, तरी दुसऱ्या रात्री परत बघते. देवाची कृपा मला त्या कपाटापाशी दिसली, प्रार्थनासभेत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी 2 शमुवेलचा 12वा अध्याय उघडावा. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे जातो तेव्हा पापावर लेक्चर देत नाही, एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो, ती त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्याच प्याल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची. एका श्रीमंताने ती हिसकावून पाहुण्यासाठी कापली हे ऐकून दावीद संतापतो, स्वतःच निकाल देतो, आणि मग नाथान सांगतो की तो माणूस तूच. आधी कोकरी दिसली पाहिजे, हे घाईत असलेल्या नवीन लेखकांना काही केल्या पटत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मोठा भाऊ शेवटी घरात गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही, आणि 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. त्यामुळे दुःखी किंवा अर्धवट शेवट म्हणजे विश्वास कमी, हे डोक्यातून काढा.

दुसरी चूक, "हे प्रभूने दिलंय, यात बदल करायचा नाही." हे वाक्य ऐकलं की मी यिर्मयाचा 36वा अध्याय वाचायला देते. यिर्मया संदेष्ट्याने देवाची वचनं लिहून घेतलेली गुंडाळी यहोयाकीम राजाने कापून कापून आगीत टाकली, तर यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून सगळं परत लिहून घेतलं आणि त्यात आणखी बरीच भर घातली. लूकही सुरुवातीलाच सांगतो की त्याने सगळ्याचा नीट शोध घेऊन अनुक्रमाने लिहिलंय. मग तुमच्या पहिल्या ड्राफ्टला हात लावायचा नाही असं कसं? माझी सवय म्हणजे लिहून झालं की काही आठवडे फाइल उघडायचीच नाही आणि मग मोठ्याने वाचायचं, जिथे जीभ अडखळते तिथे खूण.

ख्रिस्तावर विश्वास नसलेली पात्रं सगळी दुष्ट किंवा मूर्ख नसतात, तुमच्या ओळखीतली चांगली माणसं आठवा आणि मग लिहा. प्रत्येक पानावर वचन नको, एस्तेरच्या मूळ हिब्रू पुस्तकात देवाचं नावसुद्धा येत नाही. एआयकडून प्रकरणं लिहून घेणाऱ्यांना माझ्याकडे वेळ नाही, आणि केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करायच्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेवर, अपलोड करताना तसं सांगावंही लागतं.

आता पब्लिशिंग. ओळखीतल्या एका ताईंना एका प्रकाशन कंपनीचा फोन आला, "तुमचं पुस्तक आम्हाला खूप आशीर्वादाचं ठरलं, देवाने ते आमच्यापर्यंत पोचवलंय," आणि लगेच पैसे भरून पुस्तक छापून घ्यायचं पॅकेज, तेही भरमसाट. ताई पैसे भरायला तयार. मी म्हटलं, आधी त्यांना विचारा की तुमच्या नायिकेचं नाव काय? विचारलं, आणि पलीकडून कुणालाच सांगता येईना. ख्रिस्ती नाव आणि क्रूसाचा लोगो बघून सही करू नका. पारंपरिक प्रकाशक लेखकाकडून पैसे मागत नाही, तो देतो. स्वतः छापायचं तर एडिटर आणि कव्हर डिझायनर स्वतः निवडा, त्यांचे पैसे द्या, हक्क स्वतःकडे ठेवा. केडीपीचा फुकट आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) दुसरीकडे चालत नाही, आणि केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेला टिक केली तर ईबुक 90 दिवस दुसरीकडे ठेवता येत नाही, हे टिक करायच्या आधी वाचा.

वचनं छापतानाही भाषांतराचा कॉपीराइट तपासा. इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी, 1611चं किंग जेम्स भाषांतर ब्रिटन सोडून जवळपास सगळीकडे कॉपीराइटमधून मोकळं आहे, एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या भाषांतराच्या 500 वचनांपर्यंत वेगळी लेखी परवानगी लागत नाही, पण बायबलचं एक अख्खं पुस्तक त्यात येता कामा नये, ती वचनं तुमच्या मजकुराच्या 25 टक्क्यांच्या आत हवीत आणि कॉपीराइटची ओळ छापावी लागते. मराठी भाषांतरासाठी त्याच्या पहिल्या पानांवर हक्क कुणाचे ते बघून सरळ त्यांना लिहून विचारा. आणि आजच्या वर्शिप गाण्यांचे शब्द तर परवानगीशिवाय एक ओळसुद्धा घालू नका, पात्राला गाताना दाखवायचं असेल तर नुसतं गाण्याचं नाव लिहा, तेवढं चालतं.