ऑल-इन-वन अ‍ॅम्प्लिफायर निवडताना या चुका टाळा

नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरून संगीत आणणारा भाग), डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारा), प्रीअ‍ॅम्प (इनपुट निवडून पातळी ठरवणारा) आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा) या चारही गोष्टी एकाच पेटीत सामावणारा अ‍ॅम्प्लिफायर घेताना बहुतेक जण वैशिष्ट्यांची यादी वाचून निर्णय घेतात, आणि माझ्या मते पहिली चूक तिथेच होते. सुरुवात करायची ती आपल्याकडे असलेल्या, किंवा घ्यायचे ठरलेल्या, स्पीकरपासून.

वॅटचा आकडा सर्वांत जास्त फसवतो. ‘१०० वॅट’ असे लिहिलेले असते, पण ते ४ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत अडथळ्याचे एकक) मोजले की ८ ओहमवर, केवळ १ किलोहर्ट्झला की २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात, ०.१ टक्का डिस्टॉर्शनला (आवाजातल्या विकृतीला) की १० टक्क्यांना, हे बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आकडा दिसायला मोठा असतो, पण त्या पातळीला संगीत ऐकवत नाही. शिवाय वॅट दुप्पट झाल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीवर तो किती डेसिबल आवाज देतो, ते आधी पाहावे. ८४ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जी पातळी मिळते, तीच ९० डेसिबलच्या स्पीकरला २५ वॅटमध्ये मिळते. स्पीकर ४ ओहमचा असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमचा भार पेलतो असे निर्मात्याने स्पष्ट लिहिलेले आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

दुसरी चूक फोनो इनपुटच्या, म्हणजे टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) जोडायच्या जागेच्या, बाबतीत होते. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, आणि वाजवताना फोनो स्टेज ते पुन्हा समतोल करते. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचे कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल निर्माण करणारा भाग) जेमतेम काही मिलिव्होल्ट देते, तर सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. त्यामुळे टर्नटेबल थेट लाइन इनपुटला (सीडी प्लेअरसारख्या साधनांच्या इनपुटला) जोडले की आवाज अगदी क्षीण आणि पत्र्यासारखा येतो. याउलट, टर्नटेबलमध्ये आधीच फोनो स्टेज असताना ते फोनो इनपुटला जोडले, तर आवाज फाटतो. अशा वेळी टर्नटेबलच्या मागचा स्विच पाहावा आणि दोनपैकी एकच फोनो स्टेज चालू ठेवावी. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज याहूनही क्षीण सिग्नल देते आणि पुष्कळ ऑल-इन-वन यंत्रांत तिच्यासाठी सोय नसते, हे खरेदीपूर्वी विचारावे. सतत घरघर येत असेल, तर टर्नटेबलची ग्राउंड वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट लावली आहे का, ते आधी तपासावे.

टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर आणणारी सोय) असलेले यंत्र घेणे मला योग्य वाटते, कारण त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करता येतो. ऑप्टिकल केबलमधून ही आज्ञा जात नाही. जोडणी बरोबर असूनही आवाज न येणे किंवा नुसता खरखराट येणे, ही तक्रार मी स्वतः अनुभवली आहे, आणि यंत्र बिघडले आहे असे समजून ते परत पाठवण्याच्या बेतात होतो. टीव्ही डॉल्बी डिजिटल (संकुचित केलेला डिजिटल आवाज) पाठवत होता आणि दोन चॅनेलच्या त्या अ‍ॅम्प्लिफायरला ते उलगडता येत नव्हते. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (संकुचित न केलेला साधा डिजिटल आवाज) निवडताच आवाज सुरू झाला.

ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे सॉफ्टवेअर. अ‍ॅम्प्लिफायरचा विद्युत भाग दशकानुदशके टिकू शकतो, पण स्ट्रीमिंगचा भाग अ‍ॅपवर, अपडेटवर आणि संगीतसेवांच्या बदलत्या नियमांवर अवलंबून असल्यामुळे तो लवकर जुना होतो. यासाठी किमान एक मोकळा अ‍ॅनालॉग आणि एक डिजिटल इनपुट असावा, म्हणजे पुढे वेगळा स्ट्रीमर जोडता येतो. अ‍ॅप न उघडता आवाज आणि इनपुट बदलता येतो का, हेही पाहावे. गाणे मध्येच तुटत असेल, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरवर ढकलण्यापूर्वी त्याला राउटरशी नेटवर्क केबलने जोडून पाहावे. खंड थांबला, तर अडचण वायफायची आहे.

स्पीकरची वायर सोलताना तांब्याचा एखादा केसासारखा तंतू पिळातून सुटतो, शेजारच्या टर्मिनलला टेकतो आणि आवाज वाढवताच यंत्र स्वतःला बंद करून घेते. अशा वेळी यंत्राचा प्लग काढून चारही टोके पुन्हा नीट पिळून बसवावीत. आवाज येतो पण खालचे स्वर हरवले आहेत आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मध्यभागी ठरत नाही, असे असेल, तर एका स्पीकरची लाल आणि काळी वायर उलट लागलेली असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त त्याच एका स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून तेच गाणे पुन्हा ऐकावे.