एक्सएफसीई पॅनलवर आयकॉन दिसतो, पण क्लिक केल्यावर प्रोग्रॅम उघडत नाही : माझा अनुभव

माझ्याकडे लिनक्स मिंट, त्यावर एक्सएफसीई हा डेस्कटॉप. ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी, एकाच फाइलमधला प्रोग्रॅम) म्हणून उतरवलेला प्रोग्रॅम पॅनलवर, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या पट्टीवर हवा होता. तो मेनूमध्ये नसल्यामुळे मेनूतल्या नावावर राइट क्लिक करून 'ॲड टू पॅनल' म्हणायची सोय नाही. फाइल ओढून पॅनलवर सोडली, घेतली नाही. हाताने लाँचर (प्रोग्रॅम उघडणारा आयकॉन) बनवला तर क्लिकवर एरर. एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

शेवटी एरर नीट वाचली. त्यातला फाइलचा पत्ता 'माय'पाशीच तुटला होता; माझ्या फोल्डरचं नाव 'माय ॲप्स'. मधली मोकळी जागा नडली!

जमलं ते असं. आधी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथे प्रोग्रॅम म्हणून चालवण्याची खूण. मग पॅनलवर राइट क्लिक, पॅनल, ॲड न्यू आयटम्स, यादीतून लाँचर, ॲड. पॅनलच्या टोकाला कोरा आयकॉन येतो. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. इथे अधिकच्या चिन्हाचं (+) बटण दाबू नका, ते फक्त मेनूतले प्रोग्रॅम दाखवतं (मी तिथेच शोधत बसलो होतो). त्याच्याखालचं, नवीन कोरा आयटम जोडणारं बटण दाबा. नाव लिहा, कमांडमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, आणि तो अख्खा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत. खाली आयकॉन निवडा, क्रिएट.

फोल्डरचं नाव बदलूनही चाललं असतं, पण त्यात माझ्या बाकीच्या फाइल्स होत्या. आयकॉन सरकवायला त्यावर राइट क्लिक, मूव्ह.