छतावरची लाइट बदलताय? शिडी लावायच्या आधी एवढं करून ठेवा

गणपती यायच्या आधी हॉलमधली जुनी ट्यूबची पट्टी काढून एलईडी लावायची असं घरात दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं, मागच्या श्रावणात एकदाचा मुहूर्त लागला. नवीन पट्टी अडकवायला वीस मिनिटं लागली पण तिच्यामागच्या वायरी नीट करण्यात अख्खी दुपार गेली. आमची बिल्डिंग जुनी, ऐंशीच्या दशकातली, आणि अशा घरात राहणारे खूप जण आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, दुकानात जायच्या आधी वाचा.

सगळ्यात आधी एक ठरवा, की फक्त फिटिंग बदलायचंय का पॉइंटची जागा पण हलवायचीय. बल्ब, पंखा, स्विच, फिटिंग आहे त्याच जागी बदलणं घरच्या माणसाने केलं तर नियमात बसतं, पण नवीन पॉइंट काढायचा, लाइन वाढवायची असेल तर त्याला लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टरच लागतो आणि तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. पावसात स्लॅब झिरपत असेल, छतावर ओलीचा डाग असेल तर त्या पॉइंटला हात लावू नका, आधी गळती थांबवा, छत पूर्ण सुकू द्या.

काम दिवसा उजेडी काढा, कारण लाइट बंद करूनच करायचंय. सामान एका डब्यात जमवून ठेवा म्हणजे दर पाच मिनिटांनी शिडी उतरायला लागत नाही: टेस्टर, साधा मल्टिमीटर, वायर सोलायचा स्ट्रिपर (दाताने नाही, कृपा करून), पक्कड, प्लस आणि मायनस दोन्ही स्क्रू ड्रायव्हर, चांगली पीव्हीसी टेप, स्क्रूवाले कनेक्टर, गिट्ट्या (भोकात ठोकायचे प्लग) आणि स्क्रू, डोक्याला लावायची टॉर्च. शिडी लाकडी किंवा फायबरची बघा, अ‍ॅल्युमिनियमची नको, आणि खुर्चीवर स्टूल हा प्रकार तर अजिबात नको. खाली धरायला एक माणूस हवाच.

आता मेन मुद्दा, करंट बंद करणं. आपल्याकडे लोक मेन पाडतात आणि झालं समजतात. मी पण मेन पाडला, फ्रिजचा आवाज थांबला, टीव्हीचा लाल दिवा गेला, शिडीवर दोन पायऱ्या चढलो तेवढ्यात खालून बाबा म्हणाले, "अरे थांब, पंखा बघ." पंखा फिरतच होता. हॉलचा पंखा आणि लाइट लोडशेडिंगच्या काळात कधीतरी इन्व्हर्टरवर टाकलेले, आणि मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो लगेच बॅटरीवरून सप्लाय सुरू करतो. म्हणजे मेन बंद, आणि मी जी वायर पकडणार होतो तिच्यात २३० व्होल्ट. इन्व्हर्टरचा नुसता प्लग काढूनही हेच होतं, म्हणून त्याचा पुढचा स्विच बंद करायचा आणि मेन पण बंद ठेवायचा, दोन्ही, कारण बरेच इन्व्हर्टर स्विच बंद असला तरी मेनची लाइन पुढे पाठवत राहतात.

चेक करायची पद्धत अशी ठेवा. आधी फक्त त्या खोलीचा एमसीबी (मेनच्या बोर्डवरचा त्या लाइनचा छोटा स्विच) पाडा आणि इन्व्हर्टर बंद करा, टेस्टर किचनच्या चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का बघा, मग वर जाऊन सगळ्या वायरींना लावा, परत किचनमध्ये येऊन पेटतोय ना ते बघा, आणि त्यानंतर मेनही पाडा. टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही असं धरून चालू नका, लाकडी शिडीवर रबरी चप्पल घालून उभं राहिलं की तो इतका मंद पेटतो की दिवसा दिसतच नाही, म्हणून मल्टिमीटरने प्रत्येक दोन वायरींमध्ये व्होल्टेज आहे का ते बघाच. घरात सगळ्यांना सांगा की मेनला कोणी हात लावायचा नाही आणि बोर्डवर चिठ्ठी चिकटवा, शाळेतून आलेलं पोर पहिलं तेच करतं.

पट्टी उतरवली की वरचा फोटो काढा, काहीही सोडवायच्या आधी. साधारण दोन वायरी दिसतात, लाल फेज (करंट आणणारी) आणि काळी न्यूट्रल (परत नेणारी), पण जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नका, आमच्याकडे दोन्ही काळ्याच होत्या. दोनपेक्षा जास्त असतील तर तिथून लाइन पुढे पंख्याला किंवा दुसऱ्या खोलीला गेलेली असते, प्रत्येकीला टेपचा तुकडा लावून नंबर टाका. आमच्या जॉइंटवरची टेप गुळाच्या पाकासारखी झाली होती, बोटाला चिकटत होती, आणि तिच्याखालचं वायरचं आवरण वाकवलं की पापडासारखं तुटत होतं. असं असेल तर तो भाग चांगली वायर लागेपर्यंत कापायचा, नवीन टोक साधारण एक सेंटीमीटर सोलायचं आणि कनेक्टरमध्ये घट्ट करून ओढून बघायचं. नुसतं पिळून टेप गुंडाळू नका. कापून वायर फारच आखूड राहत असेल, किंवा तांब्याऐवजी पांढरट अ‍ॅल्युमिनियमची निघाली, तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र पिळलं की जॉइंट ढिला होतो आणि तापतो.

वायर पुरेल का ही काळजी मात्र करू नका, जुनी ट्यूब चोकसकट पन्नास वॅटच्या आसपास खायची, एलईडी पट्टी वीस.

अर्थिंगचं खरेदीच्या आधीच बघून घ्या. लाइटच्या जुन्या पॉइंटला अर्थिंगची हिरवी वायर बहुतेक नसतेच, मग धातूच्या बॉडीचं झुंबर घेऊ नका, ज्या फिटिंगवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ते घ्या, त्याला अर्थिंग लागत नाही. आणि झुंबर जड असेल तर पीओपीला नाही, वर स्लॅबला हुक हवा.

सगळं लावून झालं, लाइट लागली, की रात्री खोलीत पूर्ण अंधार करून स्विच बंद करून बघा. एलईडी मंद पेटत राहिली तर कधी ते स्विचवरच्या छोट्या इंडिकेटरमुळे असतं, पण इंडिकेटर नसेल तर बहुतेक स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकलेला असतो, म्हणजे स्विच बंद केला तरी वर करंट असतोच, आणि पुढच्या वेळी बल्ब बदलणाऱ्याला तो बसू शकतो. ते बोर्डमध्ये दुरुस्त करून घ्याच.

काढलेली ट्यूब फोडू नका, आत पारा असतो, घंटागाडीत पण टाकू नका. पेपरात गुंडाळून ई-कचरा गोळा करतात तिथे द्या.